मोठ्या टाइपातलं पवित्र शास्त्र: एकहाती वाचकाचा अभिप्राय

मी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासली. त्यामुळे पुस्तक हाती आलं की आधी त्याची पाठ बघतो, मग पोट. हे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेतानाही तेच केलं. वरून कातड्यासारखं दिसणारं काळं रेक्झिन, कडांना लाल रंग, आत दोन रकाने, अक्षर चांगलं चौदा पॉइंटाचं. मधोमध उघडून पाठीत डोकावलो तर दोरा दिसला. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले होते, नुसते गोंदाने चिकटवलेले नव्हते. तिथेच घ्यायचं ठरलं.

शिलाईचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, मी डायलिसिसच्या खुर्चीत असतो. डाव्या हातात फिस्चुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, त्यात दोन जाड सुया, आणि तो हात उशीवर उताणा. जरा वाकडा झाला की मशीन केकाटतं. म्हणजे चार तास मी एकहाती माणूस. गोंदाने चिकटवलेलं पुस्तक मांडीवर ठेवलं की आपोआप मिटतं, ते दाबून धरायला दुसरा हात लागतो. शिवलेलं पुस्तक सपाट पडून राहतं. अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी ते एका बाजूला कलतं, म्हणून उत्पत्ती आणि प्रकटीकरण वाचताना मी कडेवर चष्म्याचं घर ठेवतो. ईयोबापासून लूकपर्यंतचा मधला भाग मात्र कुणाच्या मदतीशिवाय उघडा राहतो. दोन वर्षं आठ महिने झाले, चारशेहून जास्त वेळा हे पुस्तक माझ्या मांडीवर उघडलं गेलं आहे. पाठ अजून खचलेली नाही. माझी खचली आहे, पण तो वेगळा विषय.

वजनाबद्दल सांगितलंच पाहिजे. डायलिसिसच्या आधी आणि नंतर आमचं वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं आणि तेवढं मशीन काढून घेतं. एकदा मी नादात पुस्तक काखेत धरूनच काट्यावर उभा राहिलो. तंत्रज्ञ मुलगा आकडा बघून म्हणाला, "काका, पाणी फार झालंय हो या वेळी, पावणेदोन किलो जास्त." मीही घाबरलो. आदल्या दोन दिवसांतला एकेक घोट मनात मोजायला लागलो. मग त्याचीच नजर काखेकडे गेली. तर या आवृत्तीचं वजन पावणेदोन किलो आहे, आणि तो आकडा वैद्यकीय काट्यावरचा आहे. ज्यांना पडल्या पडल्या छातीवर धरून वाचायचं असेल त्यांनी हे घेऊ नये.

आता मोठी तक्रार. माझ्या हाती आलेली पहिली प्रत सदोष होती, आणि दोष नेमका कुठे निघावा? ईयोबात.

आजारी माणूस पवित्र शास्त्र उघडतो ते बहुधा ईयोबाच्या पुस्तकापाशी. मीही तिथेच गेलो. पृष्ठ ८०० पर्यंत आलो, पान उलटलं, तर पुन्हा ७८५. बांधताना एक फर्मा दोनदा बसला होता. असं होतं कधी कधी, आमच्याकडेही झालं आहे. दुसऱ्यांदा ८०० आलं आणि त्यानंतर थेट ८१७. म्हणजे पुढचा अख्खा फर्मा गळाला होता. सोळा पानं दुप्पट, सोळा पानं गायब.

यातली गंमत ज्यांना ईयोब माहीत आहे त्यांनाच कळेल. त्या पुस्तकाचे ४२ अध्याय. पहिल्या दोनांत त्या भल्या माणसाची गुरंढोरं जातात, नोकरचाकर जातात, सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात जातात, शेवटी त्याच्या अंगावर टाळूपासून तळव्यापर्यंत गळवं उठतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. त्यांनी केलेली ती एवढी एकच बरी गोष्ट. मग ते बोलायला लागतात. तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच कुणाला शिक्षा करत नाही, वगैरे. माझ्या प्रतीत दुप्पट झाले होते ते १८ ते ३० हे अध्याय. म्हणजे बिल्ददाचं व्याख्यान दोनदा, सोफराचं दोनदा, अलीफजाचं दोनदा, परत बिल्ददाचं दोनदा. आणि गळाले होते ३१ ते ४२. त्यात ३८व्या अध्यायापासून देव स्वतः बोलतो. थोडक्यात, मित्रांचा उपदेश दुप्पट आणि देवाचं उत्तर गायब. इतका नेमका दोष मुद्दाम करायचा म्हटलं तरी जमला नसता.

त्याहून नेमकं म्हणजे, उरलेल्यातला शेवटचा अध्याय तिसावा. त्याच्या विसाव्या वचनात ईयोब देवाला म्हणतो की मी तुझा धावा करतो आणि तू उत्तर देत नाहीस. माझ्या प्रतीत त्यानंतर खरोखरच उत्तर नव्हतं. पान उलटलं की एकदम पुढच्या पुस्तकातलं, स्तोत्रसंहितेतलं, दुसरं स्तोत्र.

प्रत बदलून मिळायला पाच आठवडे लागले. दुकानाचं नाव लिहीत नाही. माणसं सभ्य होती, फक्त सावकाश होती. पण ते पाच आठवडे माझ्यासाठी साधे नव्हते. धाकटा भाऊ मूत्रपिंड द्यायला तयार झाला होता, रक्तगट जुळत होता, तपासण्या चालू होत्या. पहिल्याच आठवड्यात त्याच्याच रक्तात मधुमेह निघाला आणि तो दाता म्हणून बाद झाला. तो मला फोनवर "माफ कर, दादा" म्हणाला. मधुमेह त्याला आणि माफी माझी! त्या रात्री मी काही वाचलं नाही. नंतर महिनाभर बायको पिशवीत पुस्तक घालायची आणि मी ते न उघडता परत आणायचो.

त्याच सुमारास चर्चच्या मंडळीतले एक बंधू भेटायला आले. मनाने चांगला माणूस. खुर्चीशेजारी स्टुलावर बसून त्यांनी मला सांगितलं की विश्वासात कुठेतरी उणं पडतंय, ते शोधा, पश्चात्ताप करा, हे दुखणं राहणार नाही. माझा हात मशीनला बांधलेला, उठून जाण्याची सोय नाही. मी मनात म्हटलं, हा फर्मा आता तिसऱ्यांदा आला.

नवी प्रत आली तेव्हा मी आधी मोजून बघितलं. ७८५ ते ८००, मग ८०१. बरोबर. मग ३८वा अध्याय काढला. इतके दिवस वाट बघितलेलं उत्तर. आणि पहिल्या वाचनात मी खरोखर चिडलो. देव वादळातून बोलतो, पण सांगत काहीच नाही, उलट विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्या कधी वितात ते तुला ठाऊक आहे का? रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं? ससाणा पंख पसरतो तो तुझ्या अकलेने का? असं चार अध्याय चालतं. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय बोलणं झालं, सैतानाने काय आव्हान दिलं, हे वाचकाला माहीत असतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. त्याला सगळं दुपटीने परत मिळतं, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात, पण "हे का झालं" याचा खुलासा त्याच्या कानावर कधीच पडत नाही. मी मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी दोनदा तपासलं. कारण सांगणारं पान माझ्या जुन्या प्रतीतून गळालं होतं अशी माझी समजूत होती. ते कुठल्याच प्रतीत छापलेलं नाही.

मग ४२व्या अध्यायातलं सातवं वचन वाचलं. देव अलीफजाला म्हणतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे ज्यांनी देवाची बाजू मांडली त्यांच्यावर देवाचा राग, आणि ज्याने ३१व्या अध्यायापर्यंत देवाशी हुज्जत घातली तो "माझा सेवक". ते वचन मी त्या बंधूंना अजून दाखवलेलं नाही. दाखवावंसं दर रविवारी वाटतं.

मजकुराबद्दल मी इतका वेळ ईयोबावरच घालवला, पण वापरून बघायचं तर तिथेच कळतं. आता बाकीचं.

सुरुवातीला एक तक्ता आहे, "कोणत्या प्रसंगी काय वाचावे" या धर्तीचा. भीती वाटते तेव्हा अमुक स्तोत्र, चिंता वाटते तेव्हा तमुक, दुःखात असाल तेव्हा आणखी कुठलं. असे तक्ते मला आवडत नाहीत, औषधाच्या दुकानातल्या खणांसारखे वाटतात. तरी मी तो वापरला, कारण तिसऱ्या तासानंतर डोकं चालत नाही आणि कुणी बोट दाखवलं तर बरंच वाटतं. त्यात २३वं स्तोत्र आहे, ४६वं आहे, ९१वं तर तीन ठिकाणी आहे. ८८वं कुठेही नाही. हा मी दोषच मानतो.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांतली पुष्कळशी रडगाणी आहेत हे उपासनेला जाणाऱ्यांनाही नीटसं ठाऊक नसतं, कारण आपण गातो ती निवडक. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा एकच प्रश्न चार वेळा येतो. पण बहुतेक रडगाणी शेवटाकडे वळण घेतात, भरवसा ठेवतो म्हणतात, गातो म्हणतात. ८८वं वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटची ओळसुद्धा काळोखाची. तरी त्याची सुरुवात मात्र देवाला "माझ्या तारणाऱ्या देवा" अशी हाक मारून होते. कुणी संपादक त्यावर बसला असता तर शेवटी आशेच्या दोन ओळी जोडा म्हणाला असता. कुणी जोडल्या नाहीत. शतकानुशतकं नकलून काढणाऱ्यांनी ते तसंच ठेवलं, याबद्दल मी माझ्या धंद्यातल्या त्या अनाम पूर्वजांना मानतो.

शेजारच्या खुर्चीत एक काका असायचे. ते ख्रिस्ती नव्हते, फारसे कशातलेच नव्हते. माझं पुस्तक बघून एकदा म्हणाले, "मोठ्याने वाचा की, वेळ जाईल." मी भाबडेपणाने २३वं वाचलं, मेंढपाळ आणि हिरवी कुरणं. ते ऐकून घेत होते, बस. पुढच्या वेळी मी मुद्दाम ८८वं वाचलं. मधेच त्यांच्या पायात गोळे आले, तंत्रज्ञ धावत आला, त्याने तळवा दाबून धरला, मशीनची गती कमी केली. सगळं शांत झाल्यावर ते म्हणाले, "त्या माणसाचं पुरं करा. तो आपल्यातला दिसतोय." तेव्हापासून आठवड्यातून एकदा ते स्तोत्र व्हायचं. गेल्या वर्षीपासून त्या खुर्चीत दुसरं कुणी बसतं.

भाषांतराबद्दल माझा अधिकार नाही, पण मराठी शब्दाबद्दल बोलू शकतो. येशूचा प्रेषित पौल रोमकरांना पत्र लिहितो त्याच्या पाचव्या अध्यायात एक साखळी आहे: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. या "धीर"पाशी मी बरेच दिवस अडलो. मूळ ग्रीक शब्द "हुपोमोने", त्याची फोड "खाली" आणि "राहणं" अशी होते. ओझ्याखाली राहणं. पळून न जाता तिथेच असणं. मला वाटलं, मग सरळ "सहनशीलता" का नाही लिहिलं? पण मराठीत काय म्हणतो आपण? धीर धरतात, धीर सुटतो, धीर खचतो आणि धीर देतातही. सहनशीलता कुणी कुणाला देऊ शकत नाही, धीर देता येतो. भाषांतरकाराने हे सगळं मनात धरलं होतं की नाही देव जाणे, शब्द मात्र अचूक बसला आहे.

देता येतो म्हणजे कसा, तर निर्गम या पुस्तकाचा सतरावा अध्याय बघा. खाली लढाई चालू आहे, टेकडीवर इस्राएलाचा पुढारी मोशे हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकाची. हात दुखायला लागतात. मग त्याच्या खाली एक दगड ठेवतात, तो बसतो, आणि अहरोन एका बाजूने, हूर दुसऱ्या बाजूने, असे त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवतात. त्याचे हात "स्थिर" राहिले असं तिथे लिहिलं आहे, त्या जागी इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द आहे "एमुना". हाच शब्द इतरत्र "विश्वासूपणा" म्हणून येतो. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात नीतिमान जगेल असं म्हटलं आहे तिथेही हाच. म्हणजे त्या टेकडीवर विश्वासूपणा ही मोशेच्या मनातली गोष्ट नव्हतीच, ती त्याच्या हातांची स्थिती होती, आणि तीही दुसऱ्या दोघांनी धरून ठेवलेली.

हे वाचलं त्या दिवशीचं सांगतो. मशीन थांबलं, सुया काढल्या. काढल्यावर दोन्ही भोकांवर कापसाची घडी दहा-पंधरा मिनिटं दाबून धरावी लागते, रक्त थांबेपर्यंत. वरची जागा तंत्रज्ञ मुलाने दाबली, खालची हिने. दोघं हातावर वाकून, घड्याळाकडे बघत. मुलगा रात्रपाळी करून आलेला, डोळे मिटत होते पण अंगठा हलत नव्हता. मी हिला म्हटलं, "तू हूर." ती म्हणाली, "गप्प बसा, रक्त येतंय."

पत्रांचा भाग या आवृत्तीत छान मोकळा छापला आहे, परिच्छेदांना मथळे आहेत. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या अकराव्या अध्यायात त्याने आपली यादीच दिली आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा तारू फुटलं, एक दिवस आणि एक रात्र खोल समुद्रात. आम्ही डायलिसिसवाले असे आकडे एकमेकांना सांगतो, म्हणून ती यादी ओळखीची वाटली. त्याच्या पुढच्याच अध्यायात देहातल्या काट्याची गोष्ट आहे. तो जावा म्हणून त्याने प्रभूला तीन वेळा विनवलं. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच उत्तर आलं. तो तीन विनवण्यांत थांबला. माझा आकडा याबाबतीत पौलापेक्षा बराच मोठा आहे, आणि मी अजून थांबलेलो नाही.

पौलाचंच फिलिप्पैकरांस पत्र बेड्यांत लिहिलेलं आहे. त्यातलं चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन, जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो या अर्थाचं, लोक परीक्षेच्या आधी, सामन्याच्या आधी, नव्या गाडीच्या काचेवर लावतात. वरची दोन वचनं वाचायला हवीत. तो विपुलता आणि उपासमार, दोन्हीत कसं राहायचं ते "शिकलो" म्हणतोय. "सर्व काही"मध्ये न जिंकणंही आहे. या आवृत्तीत नेमकं ते एकच वचन जाड टाइपात टाकलं आहे आणि वरची दोन साध्या. मुद्रितावर मी तिथे खूण केली असती.

पुस्तकाच्या शेवटी ३६५ दिवसांचं वाचनाचं वेळापत्रक आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. मी दोनदा सुरू केलं, दोनदा लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकलो, आणि मागे पडलेल्या दिवसांचं ओझं दुखण्याच्या ओझ्यावर आणखी चढलं. ज्याला धडधाकट असताना जमतं त्याने करावं.

तो महिनाभर मी वाचलं नाही, त्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण माझ्यासारख्याच्या मनात तेच बोचत असतं. सन ३०३ मध्ये रोमचा सम्राट डायोक्लेशियन याने हुकूम काढला की ख्रिस्ती लोकांची उपासनागृहं पाडा आणि त्यांची शास्त्रं जाळा. अधिकारी दारात येऊन पोथ्या मागायचे. काहींनी दिल्या नाहीत आणि जीव गमावला. काहींनी दिल्या. देणाऱ्यांना लॅटिनमध्ये "त्रादितोर" म्हणू लागले, म्हणजे हवाली करणारे, आणि तो शब्द पुढे द्रोह्यालाच चिकटला. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीत यावरून जी फूट पडली ती पिढ्यान् पिढ्या सांधली नाही: ज्याने पुस्तक दिलं त्याच्या हातून झालेला पाळकाचा अभिषेक चालतो की नाही? माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. मी पिशवीतलं पुस्तक पिशवीतच ठेवलं होतं, फक्त रुसून. तरी स्वतःला विचारून झालं.

उत्तर योहानाच्या शुभवर्तमानात एका शब्दात सापडलं, आणि मला असे शब्द सापडले की छापखान्यातले दिवस आठवतात. प्रमुख याजकाच्या अंगणात येशूचा शिष्य पेत्र ज्या विस्तवाशी शेकत उभा राहून "मी त्याचा शिष्य नाही" म्हणतो, तो कोळशांचा विस्तव, ग्रीकमध्ये "अन्थ्राकिया". अठरावा अध्याय. नव्या करारात हा शब्द फक्त आणखी एकदाच येतो: एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, समुद्राच्या काठी येशूने पेटवून ठेवलेला विस्तव. तिथे पेत्राला तीन वेळा विचारलं जातं, माझ्यावर प्रीती करतोस का? जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा. खुलासा मागितलेला नाही. मराठीत दोन्ही ठिकाणी विस्तव कोळशांचाच आहे, पण मध्ये दोन अध्याय जातात आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. तळटीप असती तर बरं झालं असतं. या आवृत्तीत तळटीपा जवळजवळ नाहीतच, हा तिचा उणेपणा.

जाता जाता, माझ्या धंद्यातलं म्हणून. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्या दोन तारखांच्या मधल्या महिन्यांतही काम हातचं सुटलं नाही, ते पुरं करूनच त्या गेल्या. दुःखात मुद्रित तपासायला बसणं म्हणजे काय ते मला थोडंफार माहीत आहे. अक्षरं नाचतात.

किरकोळ दोष भराभर सांगतो. कागद पातळ, मागची शाई पुढे दिसते. दिव्याखाली बसलात तर त्रास नाही, खिडकीकडे पाठ केलीत तर होतो. पानं एका हाताने उलटताना दोन-दोन येतात. बोटाला रबरी टोपी लावा, नोटा मोजणारे लावतात ती. नकाशे रंगीत पण धूसर. लाल कडांचा रंग पहिले दोन महिने बोटांना लागतो, एकदा परिचारिकेने रक्त समजून धाव घेतली. खुणेची रेशमी फीत अगदी हलकी, सहा महिन्यांत सुटून आली.

घ्यावं कुणी? ज्याचे डोळे थकलेत आणि ज्याला मांडीवर ठेवून बराच वेळ वाचायचं आहे, त्याने घ्यावं. घेतल्यावर दुकानातच पृष्ठांक सलग आहेत का ते बघावं, निदान ईयोबाचे तरी. कुणा आजाऱ्याला भेट द्यायचं असेल तर द्या, आणि मग त्याच्याजवळ थोडा वेळ गप्प बसा. पाचपैकी चार तारे. एक कापला तो तक्त्यातून ८८वं स्तोत्र वगळल्याबद्दल. गळालेल्या फर्म्याबद्दल मी काही कापलेलं नाही.

फितीच्या जागी आता सुया काढल्यावर बांधतात त्या गॉजची एक पट्टी आहे. हिने ती टाचून दिली, उसवत नाही. उद्या शनिवार, माझी पाळी सकाळी साडेसहाची. तंत्रज्ञ मुलगा बदलून गेला, नवा आला आहे. काट्यावर चढण्याआधी पुस्तक हिच्या हातात द्यायची आठवण ठेवायला हवी, नाहीतर तो पावणेदोन किलो पाणी काढेल.